पाणी वाहिलं होतं का?

फादरांनी फॉर्मवरची नजर वर केली आणि विचारलं, "पाणी वाहिलं होतं का?"

मला आधी वाटलं, नळाचं विचारताहेत. त्या सकाळी मरोळला पाणी आलं नव्हतं आणि ऑफिसातली बाई टँकरवरून कुणाशी तरी फोनवर भांडत होती. मग कळलं, प्रश्न माझ्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे तान्हेपणी पाणी लावून मला ख्रिस्ती मंडळीत घेतलं त्या विधीचा आहे. साल 1990, महिना मे, नेवासे तालुक्यातलं आमचं गाव आणि मी तीन महिन्यांची. कपाळावरून पाणी ओघळलं की पाळकांनी नुसतं ओलं बोट टेकवलं, हे मला कुठून ठाऊक असणार?

"तुमच्याकडे शिंपडतात ना, म्हणून विचारतो," फादर म्हणाले. "पाणी अंगाला लागून वाहायला हवं. थेंब जावळातच अडकून राहिला तर प्रश्न येतो."

ही 2018 च्या सप्टेंबरातली गोष्ट. लग्न जानेवारीत करायचं होतं, कारण डिसेंबरात नाताळाआधीचा आगमनकाळ आणि मार्चपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ, त्या दिवसांत कॅथलिक लग्नं सहसा लावत नाहीत. हातात चार महिने होते आणि मला वाटत होतं ते हॉल, केटरर आणि साडीसाठी आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणी तर म्हणतच होत्या, "तुम्ही दोघं ख्रिश्चनच, तुमचं काय अवघड?"

अवघड काय ते सांगते. आम्ही मराठी प्रोटेस्टंट. 1813 मध्ये मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन पुढे नगर जिल्ह्यात पसरलं, त्यातलं आमचं घराणं. 1970 मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हापासून आम्ही सीएनआयवाले. मी वाढले भायखळ्याला. नवरा मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीचा मूळचा, घरात मराठी बोलणारा, पोर्तुगीजांच्या काळापासूनचा कॅथलिक. त्यांच्या समाजाने 1887 मध्ये हे नाव घेतलं, ते नोकरीसाठी बाहेरून आलेल्या ख्रिस्त्यांहून आपण वेगळे हे दाखवायला. आमच्याकडे देवळात मूर्ती नाही, त्यांच्याकडे प्रत्येक आळीच्या तोंडाशी क्रूस. आम्ही उपासना म्हणतो, ते मिस्सा म्हणतात. आम्ही पाळकसाहेब, ते फादर. एवढंच वेगळं असावं अशी माझी समजूत होती.

फादरांनी फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखले. मी अकाउंट्सवाली, रकाने दिसले की लक्ष देते. पहिला: माझा बाप्तिस्मा वैध असेल तर हे मिश्र लग्न, त्याला बिशपांची परवानगी लागेल, आणि दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं लग्न म्हणून तो संस्कार, म्हणजे देवाची कृपा देणारा विधी ठरेल. दुसरा: वैध नसेल तर चर्चच्या हिशेबी मी हिंदू-मुसलमान मुलीसारखीच बाप्तिस्मा न झालेली. मग नुसती परवानगी पुरत नाही, अडथळा दूर करणारी सूट लागते. लग्न खरं लागेल, पण संस्कार नाही. तिसरा: शोध घेऊनही शंका राहिलीच तर सशर्त बाप्तिस्मा. त्यात शब्दच असे असतात की, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो. आमच्या धंद्यात याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, खुलासा होईपर्यंत नोंद टांगून ठेवायचं खातं.

घरी हा तिसरा रकाना सांगण्याची चूक मी केली. आई भाकरी थापत होती, ती थांबली. "म्हणजे आमचा काय खोटा होता?"

तिला राग यायचं कारण होतं. आमच्यात कुणी कॅथलिक घरात गेली की "तिला परत पाणी लावलं" असं कुजबुजत बोलतात, ते बाटवलं म्हटल्यासारखं. मी आमच्या पाळकांना भेटले. ते शांतपणे म्हणाले, "लग्न कर, ना-हरकत पत्र मी देतो, देवळात लग्नाची जाहीर सूचना, बान्स, वाचतो. पण दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊ नकोस. देवाने एकदा दिलेला शब्द तो परत फिरवत नाही, मग आपण कशाला परत मागायचा?" आमच्या मंडळीतही याबाबत सगळं एकसारखं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. 1970 मध्ये एक झालेल्या सहांत बॅप्टिस्टही होते. म्हणून सीएनआयने दोन्ही वाटा ठेवल्या: तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा आणि मोठेपणी तो पक्का करणारं दृढीकरण, किंवा लहानपणी प्रार्थना करून नुसतं देवाला अर्पण आणि समज आल्यावर स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. फक्त एकदा झालेला पुन्हा करायचा नाही.

गंमत म्हणजे पाळकसाहेब जे म्हणाले तेच फादरांच्या पुस्तकात होतं. पुढच्या भेटीत त्यांनी 1983 च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम वाचून दाखवलं: कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा झालेल्याला गंभीर कारण असल्याशिवाय सशर्त बाप्तिस्मासुद्धा द्यायचा नाही. पाणी काय होतं, शब्द काय होते, देणाऱ्याचा हेतू काय होता, एवढंच तपासायचं. "मला तुमचा बाप्तिस्मा परत करायचा नाहीये," फादर म्हणाले, "मला तुमचा दाखला पाहिजे."

दाखला नव्हता. गावच्या मंडळीचं त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. तिथल्या नव्या पाळकांनी लेटरहेडवर पत्र पाठवलं: "सदर कुमारी हिचा बाप्तिस्मा बालपणी झाला असल्याचे समजते." फादरांनी पेन्सिलीने 'समजते'भोवती गोल काढला. मीही काढला असता. कुणी माझ्या टेबलावर 'माल पोचल्याचे समजते' असं व्हाउचर आणलं तर मी ते पास करते का?

मग त्यांनीच वाट दाखवली. कागद नसेल तर एक विश्वासू साक्षीदारही चालतो. माझी मोठी आत्या गावात होती. दादरहून रात्रीची एसटी पकडली.

आत्या मिशनच्या शाळेत बाई होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. तिने माझ्याकडे एक प्रश्न विचारायला आलेल्या इन्स्पेक्टरकडे बघावं तसं बघितलं आणि मग डोळे मिटून सांगायला लागली. त्या मे महिन्यात मंडळीच्या आवारातली विहीर आटली होती. तिने स्वतः मळ्यातून कळशी आणली. पाळकांपुढे पितळी परात नव्हती, काचेचा बाउल होता, लोणच्याचा, तो तिनेच आदल्या रात्री राखेने घासला होता. मी तिच्या मांडीवर झोपलेली.

"बोटाने लावलं की ओंजळीने घातलं?"

"ओंजळीने. तीन वेळा. पहिल्या ओंजळीला तू डोळे उघडलेस. दुसरी डाव्या डोळ्यात गेली. मग काय, असा टाहो फोडलास की तिसऱ्या वेळी पवित्र आत्म्याचं नाव पाळकसाहेबांना ओरडून घ्यावं लागलं. सगळी मंडळी हसली. कानात पाणी गेलं म्हणून तुझी आई आठ दिवस माझ्यावर चिडलेली."

"आणि पाळकांचा हेतू काय होता?"

"हेतू?" आत्याने डोळे उघडले. "बाप्तिस्मा द्यायला आले होते ते. लग्न लावायला नव्हते आले."

तिने फुलस्केप कागदावर निवेदन लिहिलं. मुलांच्या वहीत कित्ता म्हणून देतात तसलं अक्षर. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने हे शब्द मी स्वतः ऐकले. पाणी बालिकेच्या डाव्या डोळ्यात व कानात गेले. बालिका फार रडली. 'फार'खाली तिने रेघ मारली. मग कागद घडी करताना म्हणाली, "आपल्या कवी ना. वा. टिळकांचं माहीत आहे ना? 1895 मध्ये तुमच्या मुंबईतच झाला त्यांचा बाप्तिस्मा. घरदार सुटलं, लक्ष्मीबाई कितीक वर्षं दूर राहिल्या. आणि त्याच माणसाने शेवटी 1917 ला देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही चालतील म्हणाले. पाण्याची किंमत ज्याने मोजली तोच असं म्हणू शकतो. तुझ्या फादरांना सांग." फादरांना मी हे सांगितलं नाही. आधी निवेदनावर शिक्का बसू दे म्हटलं.

आता माझ्या भावाचं. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. 2015 पासून तो कांदिवलीच्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकोस्टल फेलोशिपला जायला लागला. तिथे त्याने हॉलच्या मागे ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत बुडून बाप्तिस्मा घेतला, आणि घरी येऊन आईला म्हणाला, "मम्मी, लहानपणी झालं ते नुसतं पाणी होतं." आई दोन आठवडे त्याच्याशी बोलली नव्हती.

नवरा पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला तेव्हा भावाने वरण वाढता वाढता विचारलं, "जीजू, तुमचं तारण झालंय का?"

नवरा गोंधळला. त्याच्याकडे असा प्रश्न कुणी विचारत नाही. थोडा विचार करून म्हणाला, "अजून कुठे? चाललंय. बघू शेवटी काय होतंय ते."

भावाचा चेहरा असा झाला की जणू त्याने सांगितलं, मला कॅन्सर आहे आणि मी औषध घेत नाही. आईला हसू आवरेना. पण मला ते उत्तर पुढे कितीतरी दिवस पुरलं, कारण दोघंही आपापल्या जागी पक्के होते. भावासाठी तारण ही तारीख आहे. 14 जून 2015, रात्री साडेआठ, तो गुडघ्यावर आला तेव्हा ते झालं. पाणी नंतर, लोकांपुढे साक्ष म्हणून. इफिसच्या पत्रातली ओळ तो झोपेतही म्हणेल: कृपेने, विश्वासाने, कर्मांनी नाही. नवऱ्यासाठी तारण हा प्रवास आहे. तो बाप्तिस्म्यात सुरू होतो, मूळ पाप तिथे धुतलं जातं, मग कृपेशी हात मिळवून चालत राहायचं. मोठं पाप झालं तर ती गमावते, कबुलीसंस्काराने परत मिळते, आणि शेवटचा श्वास जाईपर्यंत "माझं झालं" म्हणणं हा त्याच्या मते उद्धटपणा. तो याकोबाचं पत्र काढेल, कर्मांवाचून विश्वास मेलेला. भाऊ येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर काढेल, ज्याला ना बाप्तिस्मा मिळाला ना सत्कर्माला वेळ. मग नवरा म्हणेल, त्याची इच्छाच बाप्तिस्मा होती, आम्ही त्यालाही नाव दिलंय. हे सगळं आमच्या घरी आंबरसाच्या वाट्यांवर झालेलं आहे.

आमचे पाळकसाहेब हे एका क्रियापदात सांगायचे. प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे ल्यूथरच्या बाजूने देव माणसाला नीतिमान ठरवतो. कॅथलिकांच्या, म्हणजे त्यांच्या ट्रेंटच्या धर्मसभेच्या बाजूने देव माणसाला नीतिमान करतो. 'ठरवणं' एका क्षणात होतं, 'करणं' आयुष्यभर चालतं. मला मराठीत हे जितकं सोपं वाटलं तितकं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्या नवऱ्याला इंग्रजीत कधी वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला.

भावाने मला मात्र सरळ सांगितलं, "ताई, तुझाही झालेला नाही. लग्नाआधी पाण्यात उतर." म्हणजे चित्र असं, की जिच्याशी आम्ही पाचशे वर्षं भांडलो ती रोमची मंडळी आत्याच्या एका फुलस्केपवर माझा बाप्तिस्मा मान्य करायला तयार, आणि माझ्याच आईच्या पोटचा भाऊ नाही म्हणतोय.

निवेदन द्यायला गेले तेव्हा मी हे फादरांना बोलून दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे भांडण ल्यूथरच्या बाराशे वर्षं आधीचं आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता, पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, परत द्या. रोमचा पोप स्टीफन म्हणाला, नाही, हात ठेवून आत घ्या. पुढे संत ऑगस्टीनने ते पक्कं केलं: बाप्तिस्मा देणाऱ्याच्या मालकीचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. आणि 1547 मध्ये ट्रेंटच्या सभेने प्रोटेस्टंटांवर शापांवर शाप उच्चारले, त्यातच एक कलम असंही घातलं की पाखंड्याने त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, चर्च जे करतं ते करायच्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा खरा नाही असं जो म्हणेल त्यालाही शाप. "म्हणजे तुमच्यासाठी मी नाही म्हटलं तर शाप मला," फादर हसले. ल्यूथरचा स्वतःचा बाप्तिस्माही कॅथलिकच होता, 1483 मध्ये जन्माच्या दुसऱ्या दिवशी कॅथलिक देवळात झालेला. त्याने तो कधी बदलला नाही, उलट संकटात त्यालाच धरून राहिला.

त्या रात्री मी भावाच्या बाजूचंही वाचलं, नाहीतर अन्याय झाला असता. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये पहिल्यांदा मोठ्या माणसांनी स्वतःच्या कबुलीने परत बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत तिथल्या प्रोटेस्टंट सरकारने त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिम्माट नदीत बुडवून मारलं. पाणी हवं होतं ना, घ्या पाणी. हे करणारे कॅथलिक नव्हते, आमच्याच वंशावळीतले. भावाला मी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याने नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. काही दिवस त्याने मला पाण्यात उतर म्हटलं नाही.

परवानगी नोव्हेंबरात आली. तिच्याबरोबर नवऱ्याने सही केलेला कागद होता: मी माझा विश्वास सोडणार नाही आणि होणाऱ्या सगळ्या मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण देण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन. माझ्याकडून सही घेत नाहीत, मला फक्त कळवतात. फादरांनी प्रामाणिकपणे मोठ्याने वाचून दाखवलं. मला ते टोचलं, अजून टोचतं. नसलेल्या मुलांचा निकाल माझ्या समोर लागला होता आणि माझी बाजू 'कळवले' या शेऱ्यापुरती होती.

लग्नाबद्दल फार लिहीत नाही. आदल्या दिवशी उंबराचं पाणी झालं. ईस्ट इंडियनांची ही रीत: वाजंत्री लावून विहिरीवर जायचं आणि नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणायचं. गावठाणातल्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, तरी तिला हळद-कुंकवासारखा मान देऊन बायका लुगड्यांत नाचत गेल्या. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "हे पाणी कुठल्या शास्त्रात?" मी म्हटलं, "हे अंगावरून नक्की वाहतं."

दुसऱ्या दिवशी देवळात मिस्सा नव्हती, नुसता लग्नविधी. कारण मिस्सा असती तर नवऱ्याने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आणि मी बाकावर बसून बघायचं, ते नको म्हणून फादरांनीच सुचवलं. माझं पाणी त्यांना चाललं, पण भाकरीला अजून मनाई. आईने फोटोंत तोंड गोड ठेवलं. गाडीत बसताना म्हणाली, "आमच्याकडे प्रभुभोजनाला तो आला असता तर पाळकसाहेबांनी दिलं असतं." खरं आहे. पण तो आला नसता, हेही खरं.

2022 च्या ईस्टरला मी आठव्या महिन्यात होते आणि घरात तिहेरी ओढाताण सुरू झाली होती. सासूबाई म्हणत, महिन्याच्या आत बाप्तिस्मा. आई म्हणे, वर्षाचं होऊ दे, भायखळ्याला करू. भाऊ म्हणे, बाळाला कशाला, नुसतं अर्पण करा, मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवेल. मी कंटाळले होते. ईस्टरच्या आदल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात फुगे तळत होत्या. पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर काढायचा, ओल्या बोटाने तोडून तेलात सोडायचा. तो आपोआप उलटतो. मी शेजारी स्टुलावर बसून फुगे कागदावर काढत होते. म्हटलं, "मम्मी, एवढी घाई कशाला? देव काय लहान बाळाला बाहेर उभं करणार आहे?"

त्यांनी गॅस बारीक केला. मग माझ्याकडे न बघता सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. 1983 चा जुलै, सातव्या महिन्यातलं बाळंतपण, बाहेर धो धो पाऊस, लोकल बंद. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत राहील असं वाटत नाही. सासरे फादरांना आणायला निघाले ते साकीनाक्यालाच अडकले. वॉर्डात रात्रपाळीला कोकणातली एक हिंदू नर्स होती. सासूबाई रडताहेत ते बघून ती म्हणाली, "बाई, मला शब्द येतात. तुमच्या लोकांची बाळं असली की आम्ही म्हणतो." किटलीतलं पाणी तिने आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलं, गार वाटू नये म्हणून. मग स्टीलच्या चमच्याने बाळाच्या टाळूवर घातलं, तीनदा, आणि शब्द मराठीत म्हणाली.

"तिचा स्वतःचा झाला नव्हता," सासूबाई म्हणाल्या, "पण माझ्या पोराचा तिने केला. पहाटे चारला गेला. दुसऱ्या दिवशी फादर म्हणाले, झाला, खरा झाला, रजिस्टरात लिहितो."

मला तो नियम माहीत होता, कागदावर. जिवावरची वेळ आली तर कुणीही, बाप्तिस्मा न झालेला माणूसही, चर्च जे करतं ते करायच्या मनाने पाणी घालून शब्द म्हणाला तरी बाप्तिस्मा वैध. मी फादरांच्या ऑफिसात त्याला टेक्निकल म्हटलं होतं. सासूबाईंची आजी सांगायची की पूर्वी पाणी न लागलेली बाळं लिंबोत जातात, ना स्वर्ग ना नरक, आणि त्यांना स्मशानात कडेला पुरायचे. लिंबो शिकवत असले तरी तो चर्चचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हता; 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्री मंडळाने तर लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. पण 1983 मध्ये त्या वॉर्डात एकविसाव्या शतकातला कागद कुठून असणार?

फुगा एका बाजूने करपला. त्यांनी तो काढून वेगळा ठेवला, नंतर आम्ही दोघींनी तो अर्धा अर्धा खाल्ला.

भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, ते बाळ तसंही प्रभूकडेच गेलं असतं. समज यायच्या आधी गेलेलं लेकरू..." मी म्हटलं, "मान्य. पण हे मरोळला येऊन बोलायचं नाही." तो म्हणाला, "मी काय वेडा आहे?" त्याच्या फेलोशिपमध्ये ते बाळ कृपेने वाचलं, सासूबाईंच्या देवळात चमच्याने, आणि आमचे पाळकसाहेब म्हणाले असते, देवाच्या कराराने. पत्ता तिघांचा एकच.

याच दरम्यान आणखी एक बातमी आली आणि मी पुन्हा व्हाउचरवाली झाले. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एक फादर वर्षानुवर्षं "मी तुला बाप्तिस्मा देतो" ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हणत होते. व्हॅटिकनने 2020 मध्येच असा बाप्तिस्मा अवैध ठरवला होता, त्यामुळे हजारो लोकांचे बाद झाले. कोकणातल्या नर्सचा चालतो आणि फादरचा चालत नाही, एका सर्वनामासाठी. नवऱ्याला हे पटलेलं आहे: देणारा ख्रिस्त, माणूस फक्त त्याचं तोंड, म्हणून एकवचन. मला अर्धं पटलेलं आहे.

आमच्या फादरांनी मला 1999 चा कागदही एकदा दाखवला होता. ऑग्सबर्गमध्ये 31 ऑक्टोबरला ल्यूथरन आणि कॅथलिकांनी मिळून सही केली की माणूस कृपेनेच, ख्रिस्तावरच्या विश्वासाने स्वीकारला जातो, स्वतःच्या लायकीमुळे नाही. आणि तीच कृपा त्याला सत्कर्मांना लावते. 2006 मध्ये मेथडिस्ट, 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मिटलं की. बाप्तिस्मा भायखळ्यालाच करू."

झाला मरोळला, जुलैच्या तिसऱ्या रविवारी. मुलगी दोन महिन्यांची. नवऱ्याने दिलेला शब्द होता, आणि खरं सांगायचं तर फुग्यांच्या त्या दिवसानंतर माझा विरोध उरला नव्हता. धर्मपिता नवऱ्याचा चुलतभाऊ. माझ्या बाजूचं कुणी धर्ममाता होऊ शकत नव्हतं. कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीला प्रोटेस्टंट फक्त साक्षीदार म्हणून उभा राहतो. भावाला विचारलं. तो म्हणाला, ज्याला मी बाप्तिस्मा मानत नाही त्याची साक्ष कशी देऊ? पण तो आला. शेवटच्या बाकावर बसला. विधी संपल्यावर त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःची लांबलचक प्रार्थना केली. सासूबाईंनी ती पूर्ण होईपर्यंत डोळे मिटून ऐकली आणि "आमेन" मोठ्याने म्हटलं.

आई साक्षीदार झाली. रजिस्टरात सही करताना तिने आधी वरची ओळ नीट वाचून घेतली.

मी मात्र कुंडाशेजारी मोबाइल घेऊन उभी होते. फादर म्हणाले, "फोटोग्राफर आहे ना?" मी म्हटलं, "त्याचा कॅमेरा चेहऱ्यांवर असतो." माझ्या व्हिडिओत फक्त डोकं, शिंपला आणि पाणी आहे. तीन वेळा. पाणी जावळातून उजव्या कानामागे उतरतं आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग पसरतो. शब्दही स्वच्छ ऐकू येतात, "मी" सकट. दाखल्याच्या तीन प्रती काढल्या, एक लॅमिनेट करून कपाटात ठेवली.

व्हिडिओ माझ्या चुलतभावाच्या फोनवर गावी पाठवला, आत्याला दाखव म्हटलं. संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिने तो चार वेळा पाहिला होता.

"सगळं नीट झालंय," ती म्हणाली. "पण ती रडली नाही?"